वाचकांचे प्रश्न : आधी न खेळणारा मोहरा शोधा

प्रश्न : मॅडम, मी नववीत आहे, घणसोलीला राहतो. मोबाईलवर रोज बुद्धिबळाची कोडी सोडवतो आणि बहुतेक बरोबर येतात. पण स्पर्धेत हल्ल्याची चाल सुचतच नाही. ठाण्याच्या एका स्पर्धेत समोरच्याचा राजा मध्येच अडकला होता, त्याने कॅसलिंगसुद्धा (राजाला कडेला, हत्तीच्या आड नेणं) केलं नव्हतं, तरी मी नुसता वजीर इकडून तिकडे हलवत बसलो. शेवटी बरोबरी झाली. डावाच्या चाली सोबत पाठवतो आहे. चांगली चाल शोधायची कशी?

उत्तर : चाली लिहून पाठवल्यास हे फार चांगलं केलंस. मी तुझा डाव पटावर मांडून पाहिला. पंचविसाव्या चालीपर्यंत तुझा वजीर खूप हिंडला, पण ए१ चा हत्ती ए१ वरच होता (पटाचे उभे रकाने ए ते एच, आडव्या ओळी १ ते ८, पांढऱ्याकडून मोजायच्या). तुझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या हत्तीपाशी आहे.

कोडं सोडवताना तुला एक गोष्ट फुकट मिळते. इथे काहीतरी दडलंय, हे आधीच ठाऊक असतं. शिवाय सगळे मोहरे आपापल्या जागी येऊन बसलेले असतात, तू फक्त शेवटचा घाव घालतोस. खऱ्या डावात ती जमवाजमव तुलाच करायची असते आणि वेळ झाली हे सांगायला कोणी नसतं. म्हणून कोडी येतात पण डाव येत नाही, असं होतं. तुझ्या वयाच्या बहुतेक मुलांचं हेच होतं, तुझ्यात काही कमी आहे असं समजू नकोस.

माझ्या नेरूळच्या वर्गात मी मुलांना एक क्रम लावून देते. समोरच्याने चाल केली की आधी त्याच्या राजाकडे बघायचं. तो कुठल्या घरात जाऊ शकतो, त्यातली कुठली घरं माझ्या ताब्यात आहेत? हे मनातल्या मनात, बोट न लावता, कारण स्पर्धेत मोहऱ्याला हात लागला की तोच हलवावा लागतो. मग सगळे शह बघायचे. सगळे म्हणजे सगळे, वजीर सरळ फुकट जातो असं दिसणारा शहसुद्धा. त्यानंतर सगळ्या मारामाऱ्या, त्यानंतर धमक्या. प्रत्येक चालीला समोरच्याचं उत्तर शोधताना ‘तो हे खेळला तर माझी मजा’ असं उत्तर धरायचं नाही, तुला सर्वात जास्त त्रास देईल तेच धरायचं.

एवढं करून बहुतेक वेळा हाती काहीच लागत नाही. इथेच मुलं कंटाळतात आणि वजीर उचलतात. खरं तर इथे फक्त एकच प्रश्न विचारायचा राहिलेला असतो : माझा कोणता मोहरा या लढाईत नाही? तो आणायचा. शह नाही, मार नाही, अशी ती साधी चाल असते. माझ्या मते हल्ल्यातली सर्वोत्तम चाल निम्म्याहून जास्त वेळा हीच असते, आणि तीच सर्वात कमी खेळली जाते.

पॉल मॉर्फी या अमेरिकी खेळाडूचा १८५८ चा पॅरिसमधला डाव घे. ऑपेरा चालू असताना बॉक्समध्ये बसून तो ब्रन्सविकचा ड्यूक आणि काउंट इझुआर या दोघांविरुद्ध खेळला होता. ते दोघं मिळून काळ्याच्या चाली ठरवत होते. सातव्या चालीला मॉर्फीचा वजीर बी३ वर आला आणि बी७ चं प्यादं मारण्याजोगं झालं. आपल्यापैकी बहुतेकांनी ते मारलं असतं. पण मग काळा बी४ वर वजिराचा शह देऊन वजिरांची अदलाबदल करतो आणि हल्ला संपतो. मॉर्फीने प्यादं सोडलं आणि घोडा सी३ वर आणला.

आता बाराव्या चालीनंतरची स्थिती पटावर मांड. पांढरा : राजा सी१, वजीर बी३, हत्ती डी१ आणि एच१, उंट बी५ आणि जी५, प्यादी ए२, बी२, सी२, ई४, एफ२, जी२, एच२. काळा : राजा ई८, वजीर ई७, हत्ती डी८ आणि एच८, उंट एफ८, घोडे डी७ आणि एफ६, प्यादी ए७, ई५, एफ७, जी७, एच७. मॉर्फीने हत्तीने डी७ चा घोडा मारला, काळ्याने हत्तीने परत मारलं. काळ्याचा तो हत्ती आता बी५ च्या उंटाने राजाला जखडला. तो हलला तर राजाला शह बसतो, म्हणून तो जागचा हलूच शकत नाही.

इथे थांब आणि पाच मिनिटं घे. उंटाने डी७ चा हत्ती मारून शह देता येतो, हात शिवशिवतो. पण जखडलेला हत्ती पळून कुठे जाणार? म्हणजे घाई नाही, म्हणजे एक चाल मोकळी मिळाली. पांढऱ्याचा कोण खेळत नाहीये? एच१ चा हत्ती. चौदावी चाल : हत्ती डी१. बस. काळ्याने वजीर ई६ वर आणून वजीर बदलायचा प्रयत्न केला. उंटाने डी७ वर मारून शह, घोड्याने परत मारलं, आणि मग बी८ वर वजिराचा शह. वजीर सरळ घोड्याच्या तोंडात! घोड्याने तो मारला की डी८ ची वाट मोकळी होते, हत्ती डी८, मात. सतराव्या चालीला डाव संपला. राजा सोडला तर पांढऱ्याकडे तेव्हा एक हत्ती आणि एक उंट एवढेच मोहरे उरले होते, आणि दोघंही कामात होते. काळ्याचा एफ८ चा उंट आणि एच८ चा हत्ती डावभर एकदाही हलले नाहीत.

सोळाव्या चालीचा तो वजीर सगळ्यांना आठवतो. मी मात्र मुलांना चौदावी चाल पाठ करायला लावते. आणि सोळावी सापडायला ‘सगळे शह बघ’ ही सवयच लागते, कारण वजीर फुकट जातो म्हणून तो शह आपलं डोकं आधीच खोडून टाकतं. आता तुझ्या डावातली एकोणिसावी चाल पुन्हा मांड, समोरच्याचा राजा ई८ वरच आहे, आणि ए१ चा हत्ती डी१ वर आणून पुढे काय होतं ते स्वतः शोध. मी उत्तर मुद्दाम सांगत नाही. सापडलं की कळव.

प्रश्न : मी नौपाड्यात राहतो, सेवानिवृत्त आहे. आम्ही दोघे मित्र रोज संध्याकाळी त्यांच्या गॅलरीत पट मांडतो. परवा मी पांढरी घेऊन एच७ वर उंटाचा बळी दिला. राजाने उंट मारला, घोडा जी५ वर शह, राजा जी८, माझा वजीर एच५. आता मात होणार असं वाटलं, तर त्यांनी सी८ चा उंट एफ५ वर आणून ठेवला आणि माझं सगळं बंद झालं. हा बळी कधी बरोबर आणि कधी चूक?

उत्तर : सप्रेम नमस्कार. तुम्ही स्थिती इतकी नीट लिहिली आहे की कारण लगेच दिसतं. तुमच्या मित्राचं ई प्यादं आधीच मारामारीत गेलेलं होतं, म्हणून सी८ च्या उंटाला डी७, ई६ वरून एफ५ पर्यंत वाट मोकळी मिळाली. एफ५ वरून तो एच७ राखतो. तुम्ही जी४ खेळून त्याला हुसकावलात तरी तो जी६ वर जातो, एच७ तिथूनही राखतो आणि वर तुमच्या वजिरावरच चालून येतो. एका प्याद्याच्या बदल्यात उंट गेला तो गेलाच.

हा बळी चारशे वर्षं जुना आहे. सतराव्या शतकातल्या ग्रेको या इटालियन खेळाडूने नोंदवून ठेवलेल्या डावांत तो सापडतो. त्यातला एक मांडून बघा (आधी पांढऱ्याची चाल, मग काळ्याची) : ई४ ई६, डी४ घोडा एफ६, उंट डी३ घोडा सी६, घोडा एफ३ उंट ई७, एच४ कॅसलिंग, ई५ घोडा डी५, आणि आता उंटाने एच७ मारून शह. राजाने मारलं. घोडा जी५ शह, काळ्याने उंटाने घोडा मारला, एच प्याद्याने जी५ वर परत मारलं, आणि त्याबरोबर एच१ च्या हत्तीचा शह उघडला. राजा जी८, वजीर एच५, एफ५, प्यादं जी६, हत्ती ई८, वजीर एच८, मात.

इथे आधी ई५ च्या प्याद्याने एफ६ चा घोडा हाकलला. तो एफ६ वर असता तर उंट एच७ वर पडताच त्यानेच मारला असता आणि प्रकरण तिथेच मिटलं असतं. सी८ चा उंट ई६ च्या प्याद्यामागे कोंडलेला आहे, म्हणजे तुमच्या मित्राला सापडलं ते उत्तर इथे नाही. आणि तिसरं मला सर्वात आवडतं : एच१ चा हत्ती एकदाही न हलता हल्ल्यात आला, कारण त्याच्या पुढचं प्यादं बाजूला सरकलं. मोहरा खेळात आहे की नाही हे तो किती हिंडला यावर ठरत नाही, त्याच्यापुढची वाट उघडी आहे का यावर ठरतं.

तेव्हा उंटाला हात लावण्याआधी शेवटून सुरुवात करून बघत जा. वजीर एच५ वर पोहोचला असं समजा. आता समोरचा एका चालीत एच७ राखू शकतो का? उंट एफ५ वरून, डी फाईल (उभा रकाना) उघडी असेल तर वजीर डी३ वरून, नाहीतर घोडा एफ६ वर येऊन? घोडा एफ६ वर आला आणि तुमचं प्यादं ई५ वर असलं तर तो मारता येतो, पण प्यादं नसेल तर तो पक्का बसतो. तुमच्या वजिराला डी१ वरून एच५ ला जायची वाट आहे का, हेही तेव्हाच बघायचं. एफ३ चा घोडा जी५ वर उडी मारतो तेव्हा ती वाट आपोआप उघडते, मात्र ई२ वर आपलाच मोहरा बसलेला असला तर सगळं फसतं.

खरी परीक्षा मात्र जी८ वर होत नाही, जी६ वर होते. घोड्याचा शह आला की अनुभवी खेळाडू राजा मागे नेत नाही, जी६ वर पुढे आणतो. बघायला भयंकर वाटतं, पण पुष्कळदा तो तिथेच वाचतो. तेव्हा वजीर जी४ किंवा एच प्यादं पुढे, एच५ च्या शहाची धमकी, यातलं काय चालतं ते आधी पाहून ठेवलेलं नसेल तर बळी देऊ नये. राजा एच६ वर गेला तर काम सोपं : सी१ चा उंट घरीच असेल आणि डी२, ई३, एफ४ मोकळी असतील तर घोडा हलताच उंटाचा शह बसतो आणि घोड्याला बहुतेक वेळा वजीर मिळतो.

स्टाइनिट्झ, जो १८८६ साली पहिला अधिकृत जगज्जेता झाला, त्याची शिकवण अशी होती की हल्ला इच्छेतून उभा राहत नाही, आधी वरचढपणा मिळवावा लागतो, आणि तो मिळाल्यावर मात्र हल्ला केलाच पाहिजे, नाहीतर हातचं निसटतं. तुमच्या स्थितीत सगळे मोहरे तुमच्या बाजूने होते, एका घराचा हिशोब राहिला. तुमच्या मित्राला माझा नमस्कार सांगा. एफ५ ची चाल फार सुरेख शोधली त्यांनी.

प्रश्न : मी ठाण्याहून ऐरोलीला नोकरीला जातो, गाडीत तीन मिनिटांचे ऑनलाईन डाव खेळतो. मी वजिराकडे कॅसलिंग करतो, समोरचा राजाकडे. मग जी आणि एच प्यादी पळवतो, पण माझ्याआधी त्याचाच हल्ला माझ्या राजावर येऊन आदळतो. काय चुकतं?

उत्तर : दोघांचे राजे विरुद्ध बाजूंना असले की तो शर्यतीचा डाव होतो, आणि शर्यतीत चाली मोजाव्या लागतात. अंदाज उपयोगाचा नाही. त्याने जी६ खेळून ठेवलं असेल तर तुमचं एच प्यादं दोन चालींत त्याला भिडतं, तिसऱ्या चालीला मारतं आणि एच फाईल उघडते. त्याने एच६ खेळलं असेल तर जी४, जी५, दोनच चालींत भिडलात. पण त्याची एफ७, जी७, एच७ ही तिन्ही प्यादी जागेवर असतील तर भिडायलाच तीन चाली लागतात, आणि तेवढ्यात तो एच प्यादं पुढे ढकलून सगळं कुलूपबंद करू शकतो. अशा वेळी प्यादी पळवण्याआधी एखाद्या मोहऱ्याने धमकी देऊन त्याला एक प्यादं हलवायला लावायचं, मग त्याच प्याद्यावर चालून जायचं.

दुसरं, पटाच्या कडेने होणाऱ्या हल्ल्याला उत्तर मध्यातून येतं, हा नियम जुना आहे आणि खरा आहे. जी४ खेळण्याआधी बघा : त्याला डी५ करून मध्य फोडता येईल का? येत असेल तर आधी ते थांबवा. मध्य बंद असेल किंवा तुमच्या मुठीत असेल तरच प्यादी सोडा.

आणि हे तीन मिनिटांचे डाव काही दिवस बंद ठेवा, असं मी अगदी कळकळीने सांगते. ठाणे ते ऐरोली, मध्ये एकटं दिघा गाव. तेवढ्या वेळात एक स्थिती घ्या, मोहरे न हलवता, दोन्ही बाजूंच्या चाली मोजा, कोण आधी पोहोचतं ते ठरवा, आणि उतरल्यावर उत्तर बघा. तीन मिनिटांच्या डावात हाताला सवय लागते, मोजायला वेळ मिळत नाही. तुमचं अडलंय ते मोजण्यातच.

प्रश्न : माझी मुलगी दहा वर्षांची आहे, आम्ही सानपाड्याला राहतो. ती सुरेख बचाव करते पण हल्ला करायला घाबरते, एक प्यादं द्यायचं म्हटलं तरी रडवेली होते. मला स्वतःला खेळ जेमतेम येतो. तिला कोणाचे डाव दाखवू?

उत्तर : ताई, आधी एक सांगते, बचाव येणं ही मोठी गोष्ट आहे, ते मोडू नका. हल्ला त्यावरच उभा राहतो.

विश्वनाथन आनंदचा २०१३ सालचा, नेदरलँड्समधल्या विक आन झी इथला, आर्मेनियाच्या लेव्हॉन अरोनियनविरुद्धचा डाव दाखवा. आनंद काळ्याने खेळला आणि २३ चालींत जिंकला. मुलीला काळ्याच्या बाजूला बसवा आणि तुम्ही पांढऱ्याच्या चाली वाचा. तेराव्या चालीला अरोनियनचा घोडा एच७ चं प्यादं मारतो. तिला विचारा, आता काय? ती घोडा परत मारायला जाईल किंवा हत्ती वाचवायला जाईल. आनंद दोन्ही करत नाही, तो आपला घोडा जी४ वर नेतो, पांढऱ्या राजाच्या दारात. पुढे उंट सी५ वर, मग दुसरा घोडा ई५ वर, एकामागून एक मोहरे मारायला ठेवतो. एकोणिसाव्या चालीला अरोनियन एफ८ चा हत्ती मारतो. आता तरी परत मारेल? नाही, आनंद एफ५ ला प्यादं सरकवतो. शह नाही, मार नाही. त्या प्याद्याने सी२ च्या पांढऱ्या वजिराची एच७ ला जायची वाट बंद होते, आणि आपला राजा सुरक्षित झाल्यावर काळ्याचा वजीर निवांतपणे मैदानात उतरतो. तुमच्या मुलीला हे फार आवडेल, कारण हल्ल्याच्या ऐन भरात खेळलेली ही बचावाचीच चाल आहे. घाबरणाऱ्या मुलांना मी हाच डाव आधी दाखवते. अनेकांना यावरून रुबिनस्टाइन या पोलिश खेळाडूचा १९०७ चा वूच शहरातला डाव आठवला, तोही नंतर जरूर दाखवा, त्यातही दोन काळे उंट पांढऱ्या राजावर असेच रोखलेले आहेत.

आणि तिला नागपूरच्या दिव्या देशमुखबद्दल सांगा. जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बातुमीला दिव्याने महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत कोनेरू हम्पीला टायब्रेकमध्ये (बरोबरीनंतरच्या निर्णायक डावांत) हरवलं आणि त्याच विजयाने ती ग्रँडमास्टर झाली. आपल्याच भाषेच्या गावातली मुलगी आहे हे कळलं की दहा वर्षांच्या मुलीच्या डोळ्यांत काय फरक पडतो, ते मी वर्गात पाहिलंय.

प्यादं देताना रडू येतं त्यावर उपाय : घरी खेळताना तुम्ही तिच्याविरुद्ध मुद्दाम एक प्यादं कमी घेऊन खेळू नका, तिला कमी घेऊन खेळायला सांगा. एफ२ चं प्यादं आधीच काढून ठेवा. प्यादं नसताना एफ फाईल हत्तीला किती उपयोगी पडते हे तिला स्वतःला दिसेल.

प्रश्न : डाव झाल्यावर लगेच इंजिन (चाली तपासणारा संगणकाचा प्रोग्रॅम) लावून चुका बघणं योग्य आहे का? (एक वाचक, वर्तकनगर)

उत्तर : लगेच नको. आधी वहीत लिहा : हल्ल्याची संधी कुठे होती असं तुम्हाला वाटतं, कोणत्या चाली पाहिल्या, कोणती का सोडली. जमलं तर समोरच्या खेळाडूबरोबरच डाव पुन्हा मांडा, त्याला काय भीती वाटत होती ते विचारा, त्यातून जे कळतं ते इंजिन सांगू शकत नाही. मग दुसऱ्या दिवशी इंजिन लावा आणि वहीशी ताडून बघा. इंजिनने सुचवलेली चाल तुम्ही पाहिलीच नव्हती, की पाहून सोडली होती, हे वेगवेगळं लिहा. पाहिलीच नसेल तर शह-मार-धमकीचा क्रम पक्का करायचा आहे. पाहून सोडली असेल तर मोजणी पक्की करायची आहे. दोन्हीचा सराव वेगळा, त्याबद्दल पुढच्या अंकात विचारलंत तर सविस्तर लिहीन.